उंदराच्या मेंदूत ट्यूब सापडली म्हणे! तुमचं मत?

गिरणाकाठ, जळगाव: टोपॉलॉजी (आकार ताणला-वाकवला तरी काय टिकतं, त्याचं गणित) घेतली तेव्हा घरचे म्हणाले, याचा उपयोग काय? आता सांगतो. २०२२ साली 'नेचर'मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या मेंदूसंशोधक मोझर यांच्या गटाचा पेपर आला. उंदरांच्या शेकडो ग्रिड पेशी (आपण कुठे आहोत याचं भान ठेवणाऱ्या मेंदूपेशी) एकाच वेळी नोंदवल्या. त्या त्या क्षणी कोणती पेशी किती पेटली, त्याचा एक बिंदू. अशा ढीगभर बिंदूंचा आकार तपासला, तर निघाला टोरस! म्हणजे गिरणेत पोहायला नेतो ती ट्रॅक्टरची ट्यूब. यापुढे गणित टाळून मेंदू समजणार नाही, असं माझं स्पष्ट मत.

धुळेकर डॉक्टर: भाऊ, जरा दमानं. पेशी निवडून घेतल्या, डेटा आधीच सहा मितींवर आणला. मग आकार मेंदूचा की छाननीचा? टी-स्नेत (अनेक मितींचा डेटा सपाट चित्रात दाखवायची पद्धत) सेटिंग बदललं की निव्वळ गोंधळातही छान पुंजके दिसतात.

गिरणाकाठ: टी-स्ने वेगळं. इथे पर्सिस्टंट होमॉलॉजी आहे. प्रत्येक बिंदूभोवती गोळा हळूहळू फुगवत न्यायचा, कोणती भोकं लगेच बुजतात नि कोणती टिकतात ते मोजायचं. टोरसला दोन स्वतंत्र फेरे आणि एक पोकळी लागते. नेमकं तेच टिकलं.

अमळनेरची: मला नवलच वाटलं नाही. ग्रिड पेशी २००५ पासून माहीत आहेत, २०१४ चं नोबेलही झालं. एकेक पेशी जमिनीवरच्या ठरावीक जागी पेटते, नि त्या जागांची त्रिकोणी जाळी बनते. उंदीर ठरावीक अंतर गेला की तोच नमुना परत. दोन दिशांनी असं होत असेल तर टोरस येणारच. त्यातून कळलं ते उंदीर कुठे आहे एवढंच.

गिरणाकाठ: ताई, झोपेचं वाचलंत का? उंदीर झोपलेला, चालणं नाही की बघणं नाही, तरी टोरस तसाच!

वावरवाला: आमना वावरमा उंदरं बिनटोरसना ज्वारी खाई जातस.

अमळनेरची: 😄 झोपेचा मुद्दा दमदार आहे. पण पेशींची जोडणी कुठे दिसली? फळमाशीच्या मेंदूत खरोखरचं गोल कडं आहे. माशी वळली की सक्रियतेचा ठिपका त्यावर सरकतो, अंधारातसुद्धा. २०१५ मध्ये तो प्रत्यक्ष बघितला. उंदरात असं बोट ठेवून दाखवा.

धुळेकर डॉक्टर: आणि त्या उंदरांत न्यूरोपिक्सेलची सुई आत घालून पेशी सुट्या ऐकल्या. आमच्याकडच्या ईईजीत कवटीवरून लाखो पेशींचा एकत्र गलका येतो. त्यातून काढा टोरस!

गिरणाकाठ: पेशंटची नावं काढून ईईजीच्या फायली देता का? कोड तयार आहे.

धुळेकर डॉक्टर: आधी एथिक्स कमिटीची परवानगी आणा.