शब्द हवाय: फ्लॅशबॅक (सिनेमातला नव्हे) आणि मेमरी गॅप

गुलबाक्षी
एका समुपदेशन केंद्रासाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. लहानपणी अत्याचार, अपघात, दंगल असलं काही सोसलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) तसंच ठेवलंय, खाली दोन ओळींत समजावलंय. अडलंय दोन ठिकाणी. एक, फ्लॅशबॅक, म्हणजे जुना प्रसंग आत्ताच घडतोय असं वाटणं. आधीच्या मसुद्यात 'पूर्वस्मृती' होतं, ते वाचून तिथल्या एक ताई म्हणाल्या की हे तर शाळेतल्या गॅदरिंगच्या आठवणी काढत बसल्यासारखं वाटतंय. आणि फ्लॅशबॅक तसंच ठेवलं तर लोकांच्या डोळ्यासमोर हिंदी सिनेमा येतो. दुसरं मेमरी गॅप, तिथे 'स्मृतिभ्रंश' लिहिलं होतं. एका आजींनी विचारलं, एवढ्याशा पोरीला म्हातारपणाचा रोग कसा काय झाला? वाचल्या वाचल्या कळेल असं काहीतरी सुचवा, पत्रक छापायला जायचंय.

पाटीपेन्सिल
'आघातोत्तर तणाव विकार' हा शब्द बऱ्यापैकी रुळलेला असताना पीटीएसडी का ठेवायचं हेच मला आधी कळत नाही. फ्लॅशबॅकला 'पुनरनुभव' करा, मेमरी गॅपला 'स्मृतिखंड'. जड वाटतील, पण सावरकरांचा महापौरही कधीतरी नवाच होता ना. आपण वापरलेच नाहीत तर रुळणार कसे?

उंबरठा
स्मृतिखंड म्हणजे स्मृतीचा तुकडा की स्मृतीत पडलेला खंड? भूखंड म्हणतो तेव्हा खंड म्हणजे तुकडा, आणि कामात खंड पडला म्हणतो तेव्हा मधली मोकळी जागा. इथे तर दोन्ही असतं, तुकडेही आणि मोकळ्या जागाही, म्हणजे वाचणाऱ्याला नेमकं काय ते कळणारच नाही. पुनरनुभव त्यातल्या त्यात बरा, पण मोठ्याने वाचून बघा, जीभ अडखळते.

तेरणाकाठ
आमच्याकडं याला शब्द नव्हता, पण गोष्ट होती. 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपलेली, आणि आमच्या भागातली घरं म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, त्याच्यावर पुन्हा मातीचा थर, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. मी पहिलीत होतो. मला धुरळ्याचा वास आत्ता लिहिताना पण येतो, चुलत्याची हाक ऐकू येते, तोंडात माती गेली होती ती चव सुद्धा. पण बाहेर कोणी काढलं, पुढं पत्र्याच्या शेडमध्ये कसे गेलो, आजीचं कधी केलं, काहीच याद नाही. बहीण सांगते म्हणून माहीत आहे. घरावरून जड गाडी गेली आणि खिडकीची काच थरथरली की मी उठून दारात उभा असतो, आणि त्या वेळेला मला काही 'आठवत' नसतं हो, ते चालूच असतं. आई शेजारणीला सांगायची, पोरगं झोपंत दचकायलंय, धसका घेतलाय त्यानं. आणि फ्लॅशबॅकला आम्ही म्हणतो अंगावर येणं. 'ती रात्र अंगावर येती.' तुमच्या पत्रकात हेच लिहा.

गुलबाक्षी
अंगावर येणं! हे पहिल्यांदा कुणालाही न समजावता कळेल असं वाटलं. हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, सोपं नसणार.

उत्तररात्र
तेरणाकाठ यांनी जे लिहिलंय ते अगदी पुस्तकात असतं तसं आहे. भीतीच्या क्षणी मेंदूतला अमिग्डला जोरात काम करतो, वास, आवाज, चव घट्ट बसतात, पण कुठं, कधी, कशानंतर काय झालं ही जुळणी मेंदूचाच दुसरा भाग, हिपोकॅम्पस, करतो आणि ती तेव्हा नीट होत नाही असं मानतात. त्यामुळे त्या आठवणीवर तारीख पडत नाही आणि ती कायम आत्ताचीच राहते. अर्थात हिपोकॅम्पस आघातानंतर लहान होतो की मुळात लहान असणाऱ्यांनाच हा त्रास जास्त होतो यावर वाद आहे, 2002 साली व्हिएतनाममध्ये लढलेल्या सैनिकांच्या आणि युद्धावर न गेलेल्या त्यांच्या जुळ्या भावांच्या अभ्यासात दुसऱ्या बाजूने, म्हणजे तो मुळातच लहान असतो या बाजूने, पुरावा आला होता.
आणि सगळेच विसरतात असंही नाही. 1976 साली कॅलिफोर्नियात चाउचिला गावची 26 मुलं शाळेच्या बससकट पळवून दगडखाणीत पुरलेल्या गाडीत कोंडली होती. लेनोर टेर या बालमनोविकारतज्ज्ञ त्यांना नंतर भेटल्या, पुन्हा चारपाच वर्षांनीही भेटल्या. मुलं प्रसंग विसरली नव्हती, पण घटनांचा क्रम उलटापालटा झाला होता, आणि बऱ्याच जणांनी आदल्या दिवशी काहीतरी अपशकुन झाला होता असं मागाहून जोडून घेतलं होतं. जिथे त्रास घरातच, ओळखीच्या माणसाकडून, वर्षानुवर्षं होतो तिथे सुन्नपणा आणि आठवणीतल्या रिकाम्या जागा जास्त, असं टेरबाईंनी पुढे मांडलं, ते सगळ्यांना मान्य नाही.

तेरणाकाठ
अपशकुनाचं सगळीकडं लावू नका. किल्लारीला 1992 मध्येच हादरे बसले होते, लोक घाबरून होते, ते मागाहून जोडलेलं नाही. पोरानं सांगितलं की आधी जमीन हलली होती, तर ती खरंच हलली होती.

उत्तररात्र
मान्य, तिथे ते लागू नाही.
अजून एक, हे खास मराठीत ऐकू येतं. अशा माणसाला विचारा, लहानपणीचा एखादा चांगला दिवस सांग. तो सांगतो, 'सुट्टीत मामाकडे जायचो, आंबे खायचो.' कुठला दिवस ते सांग म्हटलं तरी पुन्हा जायचो, खायचो. गेलो, खाल्ले असं येतच नाही. 1986 मध्ये विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या लोकांमध्ये हे टिपलं, नंतर पीटीएसडीतही सापडलं. घरचे म्हणतात सगळं आठवतंय की याला, पण एकेक दिवस असा हाताला लागत नाही.

उंबरठा
क्रियापदावरून आठवलं. 'मी आठवतेय' म्हणजे मी प्रयत्न करतेय, 'मला आठवतंय' म्हणजे ते आपोआप आलंय. या आजारात दोन्हींची फारकत होते, आठवायला गेलं तर येत नाही आणि नको असताना येतं. पत्रकात नाम कशाला, वाक्यच लिहा ना. 'त्या दिवसातलं मधलंच काही आठवत नाही', झालं.
मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात (2012) मुलाचा जबाब त्याच्या बोलण्यातच नोंदवायचा असं आहे. मी असे जबाब वाचलेत. एक मुलगी म्हणाली होती, 'मी तिथं नव्हतेच, मी वरून बघत होते.' ते सुधारून कुणी 'घटनास्थळी अनुपस्थित' लिहिलं असतं तर केस तिथेच संपली असती. पाटीपेन्सिल, शब्द शुद्ध करताना हे असं होतं, म्हणून मला त्याची भीती वाटते.

पाटीपेन्सिल
जबाब आणि परिभाषा वेगळ्या गोष्टी आहेत. मुलगी बोलेल तसंच लिहा, शंभर टक्के मान्य. पण उद्या मराठीत मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहायचं तर 'अंगावर येणे' हा प्रकरणाचा मथळा करणार का? अंगावर तर कुत्राही येतो, कर्जही येतं. आणि विकृती हा शब्द मात्र कुणीही लिहू नका, विकारच लिहा, विकृतीने माणूसच वाईट ठरतो. धसका मात्र छान आहे, अस्सल मराठी. धास्तीचा भाऊ.

उंबरठा
धास्ती दहशतवरून आलीय, म्हणजे अरबी-फारसीकडून. धसका वेगळा, माती धसते त्यातला, आत खचणं.

पाटीपेन्सिल
खचणं कशाला, काळजात धस्स होतं त्यातला आहे तो, नुसता आवाज. धप्प, धस्स, धडधड.

गुलबाक्षी
धसका पीटीएसडीसाठी चालेल का मग? की तो फक्त लहान मुलांनाच? मोठ्यांना बहुतेक 'हाय खाल्ली' म्हणतात. आणि मेमरी गॅपचं राहिलंच, मला पानावर बसेल एवढाच मजकूर देता येईल.

तेरणाकाठ
हाय खाल्लेला माणूस उठत नाही, खंगून जातो. धसका घेतलेला कामधंदा करतो, लग्न करतो, लेकरं शाळेत घालतो. फरक आहे. आमच्याकडं म्हाताऱ्यांना पण धसकाच म्हणतात.

पाटीपेन्सिल
आमच्याकडे कोकणात मोठ्या माणसाला धसका म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. आणि वर तुम्ही 'याद नाही' लिहिलंत, तेही मराठवाड्याबाहेर चालणार नाही.

तेरणाकाठ
का चालणार नाही? माझी आजी जन्मभर याद म्हणायची, तिची मराठी नव्हती का?