आडवाटेची, लोकांनी भरलेली संकेतस्थळं: सापडली की सांगावीत, की गप्प बसावं?

कोपऱ्यातला वाचक

प्रश्न विचारलाय खरा, पण माझं उत्तर ठरलेलं आहे. शोधावीत आणि सापडली की ओरडून सांगावीत.

विकिपीडियासारख्या थोरल्या मंडळींबद्दल मी बोलत नाहीये. एकाच गोष्टीच्या नादी लागलेली माणसं जिथे जमतात, त्या ठिकाणांबद्दल बोलतोय. झेनो-कँटो घ्या. २००५ पासून जगभरचे लोक तिथे पक्ष्यांचे आवाज चढवतायत. नुसता आवाज नाही. कुठे, कधी, किती वाजता, पक्षी दिसला की फक्त ऐकू आला, सगळं. जिओग्राफवाल्यांनी ब्रिटन-आयर्लंडच्या नकाशाचे एकेक किलोमीटरचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनाचा निदान एक फोटो हवाच, असा त्यांचा हट्ट. किल्ले-राजवाडे तर येतातच, पण चिखलाचा रस्ता, एक कुंपण आणि विजेचा खांब एवढंच असलेला चौकोनही येतो. पर्यटनाच्या पानावर त्या खांबाला कोण विचारणार? पण उद्या तिथे महामार्ग झाला की पूर्वीचं दाखवायला तोच फोटो उरेल.

विणकाम करणाऱ्यांची रॅव्हेल्री तर वाचतच बसावी अशी आहे. मला स्वतःला सुई धरता येत नाही, तरी बसतो. एका स्वेटरचा नमुना उघडा: तोच स्वेटर किती जणांनी केला, कुठल्या लोकरीत, कुठल्या सुईवर, लोकर कुठे कमी पडली, बाही कोणाची लांब झाली, कोणी वैतागून उसवला. पुस्तकातला नमुना तुम्हाला हे कधीच सांगणार नाही.

ही ठिकाणं शोधयंत्रातून सहज हाती लागत नाहीत, ही माझी तक्रार. ‘उत्तम दहा’ छापाच्या याद्या येतात, त्याही एकमेकींवरून उतरवलेल्या. एके काळी माणसं हातांनी संकेतस्थळांची सूची लावत. १९९८ साली सुरू झालेली डीमॉझ पूर्णपणे स्वयंसेवक संपादकांची होती, ती २०१७ मध्ये बंद झाली. याहूची सूची त्याआधीच, २०१४ मध्ये गेली. बटण दाबलं की अनोळखी पानावर नेऊन सोडणारं स्टंबलअपॉन २०१८ मध्ये.

मला सापडली ती बहुतेक उलट्या वाटेने. विकिपीडियाच्या लेखातल्या फोटोवर टिचकी मारली की खाली काढणाऱ्याचं नाव, परवाना आणि मूळ ठिकाण असतं. तिथून मागे जायचं. जिओग्राफचे लाखो फोटो तसेच विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामायिक साठ्यात, आलेत. आता तुमची सांगा.

मापात बोला

धाग्यातल्या अर्ध्या गोष्टींशी सहमत, शोधयंत्राच्या नावाने बोटं मोडण्याशी नाही. ‘छान आडवाटेची संकेतस्थळं’ असं शोधलं तर याद्याच येणार, दुसरं काय येईल? अडलेला नेमका प्रश्न टाका. ‘अमुक तबकडीची दुसरी आवृत्ती कुठल्या साली निघाली’ म्हणा, डिस्कॉग्ज (लोकांनीच भरलेली तबकड्यांची सूची) पहिल्या काही उत्तरांत येईल.

आणि डीमॉझचे गोडवे पुरे झाले. मी तो काळ पाहिलाय. आपलं पान सुचवलं की महिनोन्‌महिने उत्तर नाही. एखाद्या विभागाला संपादकच नसे, कुठे असलाच तर स्वतःचं दुकान वर ठेवून इतरांना ताटकळत ठेवतो अशी कुजबुज. माणसाने लावलेली सूची म्हणजे त्या माणसाचे रागलोभही आलेच.

पाणकावळा

मी विरुद्ध बाजूचा. कृपा करून ओरडून सांगू नका.

आयनॅचरलिस्टवर मी पतंगांची ओळख पटवतो. (उडवायचे नव्हेत, रात्री दिव्यावर येतात ते.) तिथे लोक दिसलेल्या प्राण्यांचे-वनस्पतींचे फोटो टाकतात आणि जाणकार नाव सुचवतात. ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं प्रजातीवर एकमत झालं की ती नोंद ‘संशोधन दर्जा’ची ठरते. परवाना जुळला तर पुढे जीबीआयएफ या जीवसृष्टीच्या नोंदींच्या जागतिक विदासाठ्यात (डेटाबेसमध्ये) जाते आणि संशोधक ती वापरतात. म्हणजे हा खेळ नाही.

आता एखाद्या वर्गाला गृहपाठ मिळतो: प्रत्येकी अमुक इतक्या नोंदी टाका. मग कुंडीतली रोपं, धूसर ठिपके आणि बाकावरच्या मित्राचे फोटो यांचा पूर येतो. एवढ्यावर भागलं तर ठीक. पण एकाने चुकीचं नाव टाकलं की शेजारचा ‘सहमत’ दाबतो. दोघे झाले, एकमत झालं, दर्जा मिळाला! मी मात्र नंतर एकेक नोंद उघडून विरोध नोंदवत बसायचं. फोटो टाकणारे उदंड आहेत, किचकट कीटकांची नावं सांगू शकणारे बोटांवर मोजण्याइतके. गर्दी पहिल्यांची वाढते, कामाचा ढीग दुसऱ्यांपुढे साचतो.

शेवंता

@पाणकावळा, दादा, त्रास कळतो, पण हे ‘सांगू नका’ पटत नाही. आज जे नावं सांगतात तेही कधीतरी धूसर ठिपका घेऊनच आले असतील ना? दार लावलं तर पुढची पिढी येणार कुठून?

दोष माहितीच्या प्रसाराचा नाही, रचनेचा आहे. पक्षीनिरीक्षणाच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्डकडे बघा. तुम्ही भरलेला पक्षी त्या भागात त्या महिन्यात अनपेक्षित असेल, किंवा संख्या अवास्तव असेल, तर नोंद भरतानाच खूण उमटते आणि त्या प्रदेशाचा स्वयंसेवक परीक्षक तपशील मागतो. म्हणजे चाळणी दारातच आहे. गर्दी आली तरी फार बिघडत नाही.

पाणकावळा

शेवंताताई, पक्षी आणि पतंग यांत फरक आहे. पक्ष्यांच्या प्रजाती साधारण ११,००० आहेत, फुलपाखरं-पतंगांच्या दीड लाखाच्या वर. शिवाय पुष्कळ पतंग फोटोवरून ओळखूच येत नाहीत, अंगाची चिरफाड करून बघावं लागतं. असल्या प्राण्याला चाळणी लावणार कोण? नवे यावेत, मलाही हवेत. पण एकेकटे, आवडीने. वरातीसारखे नकोत.

फुकट फौजदार

तुम्ही सगळे दर्जावर भांडताय. मालकी कुणाची, हे कोणीच विचारलेलं नाही.

सीडीडीबी ही गोष्ट नव्या लोकांना माहीत नसेल. १९९३ पासून लोक आपापल्या सीडीवरच्या गाण्यांची नावं एकेक करून टंकत होते, म्हणजे दुसऱ्याने तीच सीडी लावली की नावं आपोआप दिसावीत. निव्वळ परोपकार. १९९८ मध्ये ते सगळं एका कंपनीने घेतलं, पुढे त्याचं ग्रेसनोट झालं. मग परवाना घेतल्याशिवाय कोणत्याही प्रणालीने त्याला हात लावायचा नाही असा नियम झाला. २००८ मध्ये सोनीने ती कंपनी विकत घेतली. टंकणाऱ्यांना काय मिळालं? आयजीच्या जिवावर बायजी उदार!

आयएमडीबीही मुळात १९९० मध्ये यूजनेटवरच्या (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांतल्या) चित्रपटवेड्यांच्या याद्यांतून उभी राहिली. १९९८ मध्ये ॲमेझॉनने घेतली. २०१७ मध्ये तिथली चर्चेची पानं बंद केली, वर्षानुवर्षांच्या गप्पा गायब. कबरींच्या नोंदी ठेवणारं फाइंड अ ग्रेव्ह २०१३ मध्ये वंशावळींचा व्यवसाय करणाऱ्या अँसेस्ट्रीकडे गेलं. त्यामुळे ‘चला, आपणही भर घालू’ असं कोणी म्हणालं की मी विचारतो, उद्या हे विकलं गेलं तर माझं काय?

कोपऱ्यातला वाचक

फौजदारसाहेब, सीडीडीबीची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. त्याच संतापातून म्युझिकब्रेन्झ हा लोकांनी भरलेला संगीताच्या माहितीचा साठा उभा राहिला. त्याची मूळ विदा सीसी-झिरो या क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) परवान्याखाली आहे, म्हणजे कोणीही कशासाठीही वापरा. पूर्ण साठा कोणीही उतरवून घेऊ शकतो. मागे ना-नफा संस्था आहे. उद्या ती बिघडली तर साठा घेऊन दुसरीकडे संसार थाटता येईल.

म्हणून मी नव्या ठिकाणी भर घालण्याआधी दोनच गोष्टी बघतो: परवाना कोणता आहे, आणि सगळा साठा एकगठ्ठा उतरवता येतो का. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर ‘नाही’ असेल तर वाचतो, लिहीत नाही. रॅव्हेल्रीवर मी वाचकच आहे, अर्थात तिथे त्याला सुई हेही कारण आहे.

परवान्याकडे किती गांभीर्याने बघतात त्याचं उदाहरण ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी काढलेल्या नकाशाचं. २०१२ मध्ये त्यांनी परवाना बदलला. ज्यांनी नव्याला होकार दिला नाही त्यांनी काढलेले रस्ते नकाशावरून खरोखर पुसले आणि पुन्हा काढले.

फुकट फौजदार

साठा उतरवता येईल, माणसं कशी उतरवणार? फ्रीडीबी हे सीडीडीबीचंच मुक्त भावंड, विदा पूर्ण खुली. तरी २०२० मध्ये बंद पडलंच ना. आणि खुल्या परवान्याचा खरा फायदा हल्ली कोणाला होतो? एआयवाल्या कंपन्या सगळं ओरपून नेतात, योगदान देणाऱ्याचं नावही उरत नाही.

मापात बोला

फ्रीडीबीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. ते बंद पडलं तरी साठा आधीच लोकांकडे पोचलेला होता, म्हणून काम सुरू राहिलं. एआयबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. सीसी परवाने लिहिले गेले तेव्हा हा वापर कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हता. बर्डनेट हे पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ॲप झेनो-कँटोच्या ध्वनिमुद्रणांवर शिकलंय. मला ते आवडतं, रोज वापरतो. पण त्याच परवान्याच्या आडून दुसऱ्या कोणी काही भलतंच केलं तर आवडणार नाही. यातली रेघ कुठे आखायची हे मला सांगता येत नाही.

नवी पाटी

मोठ्यांच्या भांडणात लहान तोंडी मोठा घास. मला मोठ्याने पुस्तकं वाचायला आवडतं. असं कुठलं ठिकाण आहे का?

शेवंता

लिब्रिव्हॉक्स बघ. २००५ पासून चालू आहे. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचतात. एखादं प्रकरण घेतलंस तरी चालतं. आधी एक मिनिटाची चाचणी पाठवायची, आवाजाची पातळी आणि मागची खरखर कोणीतरी तपासून सांगतं. बरं-वाईट वाचन यावर कोणी गुण देत नाही.

फुकट फौजदार

हेही सांगा की तिथे वाचलेल्यावर वाचणाऱ्याचा काहीच हक्क राहत नाही. ते कोणीही विकू शकतं, आणि विकतातही.

नवी पाटी

विकू देत की काका. मी आज रात्री ती एक मिनिटाची चाचणी करते, पंखा बंद करून.