मदत हवी आहे: नवीन डेक आणि कृत्रिम हिरवळ, काम नीट झालंय का?

मंडळी, मागच्या अंगणात लाकडी डेक आणि कृत्रिम गवत बसवून आठ दिवस झाले. उरलेले पैसे देण्याआधी जाणकारांचं मत हवंय.

फळ्यांमध्ये साधारण 5 ते 6 मिलिमीटर फट ठेवतात ना? आमच्याकडे एका टोकाला नाणं सहज आत जातं, दुसऱ्या टोकाला पोस्टकार्डही शिरत नाही. ओलाव्याने लाकूड फुगलं की फळ्या एकमेकींना रेटतील, ही भीती आहे. मधोमध पाय ठेवला की फळी दबते; खालचे वासे 60 सेंटिमीटर अंतरावर आहेत, माझ्या मते 40 वर हवे होते. कापलेली टोकंही कोरीच सोडलीत, संरक्षक द्रावण लावलेलं नाही. पाणी तिथूनच मुरतं, म्हणून हे सगळ्यात जास्त खुपतंय.

गवताच्या दोन पट्ट्यांचा जोड लांबूनही दिसतो, कारण एकीची पाती घराकडे झुकलेली, दुसरीची कुंपणाकडे. कारागीर म्हणतात, "वापराने बसेल." पण पात्यांची दिशा वापराने कशी बदलेल? शिवाय पावसानंतर एका कोपऱ्यात पाणी तासभर साचतं. खालची खडी नीट दाबली आहे का, हे गवत न उचलता कसं ओळखायचं?

आणि डेकला मधे जादा वासे टाकून भागेल, की पूर्ण उकलून घ्यावं?