सवय, व्यसन आणि हरतालिकेची डोकेदुखी

'चहा-कॉफी हेही गर्दसारखंच (म्हणजे हेरॉइनसारखंच) व्यसन, फक्त कायदेशीर' हे म्हणणं मला अर्धंच पटतं.

शरीर कॅफिनला सरावतं, हे खरं. मेंदूत थकव्याची जाणीव करून देणारं अ‍ॅडिनोसिन असतं, त्याची जागा कॅफिन अडवतं. रोज अडवलं की मेंदू त्या जागाच वाढवतो, आणि चहा बंद झाला की थकवा दामदुपटीने अंगावर येतो. आमच्या आईचा हरतालिकेचा उपास निर्जळी असायचा. दुपारी तीनच्या सुमारास ती कपाळाला ओढणी करकचून बांधून, खिडकीला पडदा लावून पडायची. आम्हाला वाटे भुकेने होतंय. पण एकादशीला चहा चालायचा, आणि त्या दिवशी तिचं डोकं कधीच दुखलं नाही!

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत कॅफिन सोडल्यावरचा त्रास हा निदान म्हणून आहे. 'कॅफिनचं व्यसन' मात्र अजून अभ्यासाचा विषय म्हणून बाजूला ठेवलंय. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. डोकेदुखी आठवडाभरात जाते. गर्दपायी मुलगा आईचं मंगळसूत्र विकतो, शाळा-नोकरी सुटते, श्वास मंदावून जीवही जातो. त्या घरांना 'आम्हीही चहाचे व्यसनीच' म्हणणं मला क्रूर वाटतं.

एनर्जी ड्रिंकचे डबे रिचवून परीक्षेसाठी रात्र रात्र जागणाऱ्या पोरांची मात्र काळजी वाटते. छातीत धडधडत असूनही पुढचा डबा उघडावासा वाटत असेल, तर डॉक्टरांशी बोला.