कुऱ्हाडीचा दांडा उन्हाळ्यात सारखा सैल होतो

बांधावरचा: कुऱ्हाडीला बाभळीचा दांडा जुलैत बसवला. मार्चपासून पातं हलतंय. रात्रभर पाण्यात ठेवलं की दोन दिवस घट्ट, मग पुन्हा तेच. वरून दोन खिळेही मारलेत. नेढं, म्हणजे पात्यातलं दांड्याचं भोक, लांबट आहे, साधारण 45 × 20 मिमी, खोली 60. कायमचा उपाय काय? कुदळीलाही तोच चालेल का?

रंधा-पटाशी: पाण्यात बुडवणं आधी बंद करा. भिजलेलं लाकूड फुगायला बघतं, पण भोवती लोखंड असल्यामुळे तंतू आतल्या आत चेपले जातात. वाळल्यावर ते पूर्ववत होत नाहीत, म्हणजे दर खेपेला दांडा आणखी बारीक होतो. खिळ्यांनी तर तो फाटतोच.

बाभळीत काही खोट नाही, धावडा नसेल तर दांड्याला तीच घ्यावी. चुकला तो महिना. पावसाळी हवेत फुगलेलं लाकूड नेढ्याच्या मापाला तासलं की उन्हाळ्यात ते आकसणारच. दांडा एप्रिल-मेमध्ये बसवा. लाकूड वाळलं का हे वजनावरून कळतं: दर आठवड्याला तोला, दोनदा तेच वजन भरलं की तासायला घ्या. ओंडका करवतीने कापण्यापेक्षा पाचर ठोकून फाडलेला बरा, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. मधेच बाहेर पडणाऱ्या रेषेवरच दांडा तुटतो.

बसवताना नेढ्याच्या लांबीच्या दिशेने 40 मिमी खोल काप घ्या. पाचर कोरडी, कापाएवढी रुंद आणि जाड तोंडाशी 6-7 मिमी. तिचं टोक कापाच्या तळाला टेकता कामा नये. टेकलं की ती दांडा फुगवत नाही, खाली चिरत जाते. दांडा नेढ्याच्या वर 5 मिमी राहू द्या, तिथे तो पसरून पात्याला अडवतो.

माती-आणि-माया: एक भर. नेढ्याच्या आतल्या कडा बोटाने चाचपून बघा. धार लागत असेल तर गोल कानशीने मारा, नाहीतर मानेशीच तंतू कापले जातात.

कुदळीचं गणित वेगळं. तिचा दांडा वरच्या टोकाला जाड असतो. कुदळ बारीक टोकाकडून ओवायची, मग जाड टोक खाली धरून दगडावर आपटायचं. प्रत्येक घावाला ती जाड टोकाकडेच सरकते, त्यामुळे पाचर लागत नाही. काढताना बारीक टोक आपटा.

बांधावरचा: तेल कोणतं?

रंधा-पटाशी: जवसाचं. पातळ हात, जास्तीचं पुसून घ्या. वरच्या उघड्या टोकाला तीन-चार वेळा पाजा, ओल तिथूनच सगळ्यात जास्त शिरते. तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका, आपोआप पेटते, पसरून वाळवा.