वलवण धरणाच्या खाली, इंद्रायणीकाठी घर बांधावं का?

मळवलीची_लेक

नमस्कार मंडळी. मी राहायला कोथरूडला, माहेर मळवलीजवळ. आमचं वडिलोपार्जित भातखाचर इंद्रायणीला लागून आहे. बांध आणि नदी यांच्या मध्ये करंजाची रांग, बस. भाऊ आता तिथे घर बांधायचं म्हणतोय. एका बांधकाम व्यावसायिकाने त्याच्या डोक्यात घातलंय की खाचरात पुरुषभर भराव टाकायचा, वर बंगला बांधायचा आणि अर्धा बंगला शनिवार-रविवारी भाड्याने द्यायचा.

माझा जीव अडकलाय तो वरच्या वलवण धरणात. शंभर वर्षांहून जुनी दगडी भिंत. मागे लोणावळ्याला गेले होते तेव्हा लांबून पाहिली, तर भिंतीवर ओलसर काळे पट्टे आणि मधूनमधून पांढरे ओघळ दिसले. भाऊ म्हणतो, "ताई, एवढी वर्षं काही झालं नाही, आता काय व्हायचंय?" आईला मात्र पावसाचा जोर वाढला की रात्री डोळा लागत नाही. घरात नुसताच वाद होतोय, म्हणून माहीतगारांना विचारते. ही भिंत कितपत भरवशाची आहे? पांढरे ओघळ कशाचे? आणि नदीपासून किती लांब बांधलं म्हणजे निर्धास्त राहता येईल?

लोकलने_रोज

ताई, मी लोणावळ्याचाच. एवढंच सांगतो की भाड्याने येणाऱ्या पाहुण्याला नदी माहीत नसते. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. डोंगरावर पाऊस वाढला आणि ते उभे होते तिथला प्रवाह बघता बघता फुगला. तुमचे वडील पाण्याचा रंग बदलला की ओळखतील. पाहुणे रात्री गाणी लावून झोपलेले असतील. त्यांची जबाबदारी घेता येणार आहे का, हे भावाला विचारा.

जुना_शाखाअभियंता

ताई, माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं दगडी धरणांवर. तुमच्या भावाला हे वाचून दाखवलंत तर बरं होईल.

आधी भिंतीचं. टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी लोणावळ्यात १९११ साली झाली आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची, हा मूळ हेतू. वलवण, शिरवता आणि लोणावळा हे तलाव त्याच योजनेतले. वलवणची भिंत सुमारे २६ मीटर उंच आहे. त्या काळी अशा भिंती काळ्या दगडात, चुन्यात बांधत. स्वतःच्या वजनावर पाण्याला थोपवून धरायचं, एवढं साधं त्यांचं काम.

पांढरे ओघळ चुन्याचे. सांध्यांतून झिरपणारं पाणी थोडा थोडा चुना विरघळवून बाहेर आणतं आणि हवा लागली की तो भिंतीवर साकळतो. जुन्या दगडी धरणांवर हे नेहमीचं दृश्य आहे. तेवढ्यावरून भिंत खचली असं कोणी म्हणू नये, पण काणाडोळाही करू नये, कारण जेवढा चुना बाहेर आला तेवढी आत पोकळी झाली. म्हणून आम्ही डागांपेक्षा मोजमापावर विसंबायचो. पायथ्याशी गळतीचं सगळं पाणी एका चरात आणतात. चरात आडवी पत्र्याची पाटी आणि तिला इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतंय ते मोजपट्टीवर वाचलं की सेकंदाला किती लिटर गळतंय ते कळतं. तलावाची पातळी तीच आणि खाचेतलं पाणी मागच्या वर्षीपेक्षा जास्त, असं दिसलं की आमची झोप उडायची. मग भिंतीत वरून भोकं पाडून दाबाने सिमेंट भरायचं, तलावाच्या बाजूचे सांधे पुन्हा भरायचे. भंडारदऱ्याला १९६९ साली मोठी गळती लागली होती. तिथे भिंतीला मागून आधार देऊन ती भक्कम केली आणि ते धरण आजही काम देतंय.

जुन्या भिंतींबाबत अजून एक गोष्ट तपासावी लागते. पायात शिरलेलं पाणी भिंतीला खालून वर रेटतं. १८९५ साली फ्रान्समधलं बूझे इथलं दगडी धरण फुटलं, तेव्हापासून अभियंते हा रेटा गांभीर्याने धरायला लागले. त्या सुमाराच्या धरणांची आकडेमोड आजच्या पद्धतीने पुन्हा करून बघतात ती यासाठीच. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने तर १५ मीटरपेक्षा उंच धरणाच्या मालकाला, मग तो सरकारी असो की खासगी, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. आपत्कालीन कृती आराखडाही करावा लागतो. तेव्हा भिंत वाऱ्यावर सोडलेली नाही.

पण ताई, तुमचं सगळं लक्ष भिंतीकडे आहे आणि मला काळजी वाटते ती नदीची. वलवणचं पाणी विजेसाठी पश्चिमेला जातं. घाटातून पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला उतरतं आणि पाताळगंगेला मिळतं. इंद्रायणीच्या वाट्याला धरणातून येतं ते बहुतेक वर उरलेलं पाणी. त्यामुळे वर्षातले कितीतरी महिने धरणाखालचं पात्र रोडावलेलं असतं. लोकांना वाटतं, हा ओढाच आहे.

जूनमध्ये, जुलैच्या सुरुवातीला कितीही कोसळला तरी वरचं पाणी तलाव भरण्यात जातं. खाली येतं ते मधल्या ओढ्यांचं. माणूस त्याला सरावतो. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये तलाव काठोकाठ भरला की तेवढाच पाऊस पडूनही पाणी थेट नदीत येतं, ओढ्यांचं वेगळंच. भावाने जुलैत बघितलेली नदी आणि ऑगस्टमधली नदी एक नव्हे. बातमीत पाच हजार क्युसेक वाचलंत तर सेकंदाला एक लाख चाळीस हजार लिटर पाणी समजा. अशा वेळी भिंत ठणठणीत असते आणि तरीही तुमचं खाचर पाण्याखाली जातं.

भरावाने प्रश्न सुटत नाही. पुराला पसरायला खाचरं लागतात. तुम्ही उंच केलंत की पाणी समोरच्याच्या शेतात घुसेल आणि तुमचं घर चहूबाजूंनी पाण्यात एकटं पडेल. वर राहाल कोरडे, पण रात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी कुठून काढणार?

नारायणपेठी_आजी

पुण्याच्या वरचं पानशेत धरण फुटलं तेव्हा मी शाळेत होते, म्हणून लिहिते. १२ जुलै १९६१. लकडी पूल पाण्याखाली गेला होता. आमच्या वाड्यात पाणी ओसरल्यावर गुडघाभर गाळ, त्यात रुतलेला शिसवी पाट आणि धान्याच्या कोठीतून येणारा आंबूस वास. तो वास पुढे दिवाळीपर्यंत जिन्याखाली होता. आईने भिजलेल्या ज्वारीचं पोतं उकिरड्यावर टाकताना केलेला चेहरा मी विसरलेले नाही.

जुनं म्हणजे धोक्याचं, हे समीकरण मला पटत नाही. आधी फुटलं ते पानशेत, नवं मातीचं, काम पुरं व्हायच्या आतच भरलेलं. खडकवासला १८७९ चं, दगडी. ते उभं होतं, पण वरच्या धरणाचा लोंढा माथ्यावरून गेला आणि मग तेही गेलं. आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा कुठलंही धरण फुटलेलं नव्हतं. पाऊस होता, पाणी सोडलं होतं आणि घरं नदीच्या जागेत होती. अभियंता साहेब म्हणतात ते पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिलंय.

मळवलीची_लेक

आजी, साहेब, मनापासून आभार. भावाला फोनवर सगळं वाचून दाखवलं. गाडी कुठून काढणार, या वाक्यावर तो गप्प झाला. बाबा मागून म्हणाले की एका वर्षी पाणी करंजाच्या दुबेळक्यापर्यंत चढलं होतं आणि खाचरातली लावणी वाहून गेली होती. हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. रस्त्याच्या वरच्या अंगाला आमचं थोडं वरकस, म्हणजे उंचावरची हलकी जमीन, आहे, पूर्वी नाचणी करायचे, आता पडीक. तिथलं बघावं का? आणि खाचर नेमकं पुराच्या पट्ट्यात येतं की नाही, हे कागदावर कुठे कळेल?

जुना_शाखाअभियंता

नदीच्या पूररेषांच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या-लालच्या मध्ये नियंत्रित. नदीपासून अमुक फूट असा ठोक आकडा मी देणार नाही, कारण काठ कुठे उभा आहे, कुठे सपाट. सातबारा आणि गट नकाशा घेऊन मंगळवार पेठेत सिंचन भवनला जा, तिथे पूररेषेची चौकशी करा. पीएमआरडीएकडून, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून, जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात येते याचा झोन दाखलाही काढा. बांधकाम व्यावसायिक काहीही म्हणो, हे दोन कागद हातात आल्याशिवाय इसाराचा एक रुपया देऊ नका.

आणि बाबांना करंजापाशी घेऊन जा. त्यांनी दाखवलेल्या उंचीवर खोडाला रंगाची रेघ मारा आणि लेव्हल घेणाऱ्या माणसाकडून तीच उंची वरकसापर्यंत न्या. शंभर वर्षांचा पूर त्याहूनही वर असू शकतो, तेव्हा जोतं त्या रेघेच्या चांगलं वर धरा. वरकसात मुरूम असेल तर पायालाही चांगलं. फक्त डोंगराकडून येणारं पाणी घराच्या मागे तुंबू नये म्हणून चर आधी काढून घ्या. खाचरात भात करत राहा, इंद्रायणी तांदळाला पुण्यात गिऱ्हाईक भरपूर आहे.