मदत हवी आहे: ०.९ नंतर गेमला कोणता नंबर द्यावा?

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून मी एकटाच एक छोटा कोड्यांचा गेम बनवतोय. सध्या व्हर्जन ०.९ वर आहे आणि इथेच गाडी अडलीय. खेळून बघणारे विचारतात, "म्हणजे दहा टक्केच उरलं ना?" तसं मुळीच नाही. शेवटच्या बारा लेव्हल अजून वहीतच आहेत. शिवाय जुनी सेव्ह फाइल (खेळाडूची साठवलेली प्रगती) उघडली की दार उघडलेलं दिसतं, पण वापरलेली किल्ली परत पिशवीत येते. हा बग तीन आठवडे छळतोय.

'फॅक्टोरिओ' हा कारखाने उभारायचा कॉम्प्युटर गेम ०.९ नंतर ०.१० करत ०.१८ पर्यंत गेला आणि ऑगस्ट २०२० मध्ये १.० म्हणजे पूर्ण आवृत्ती झाला. तिथलं टिंब दशांश चिन्ह नाही, हे मला पटतं. पण नवख्या माणसाला ०.१० हे ०.९ च्या मागचंच वाटतं, त्याला कसं समजावता?

आणि १.० तुम्ही कधी म्हणता? सगळ्या लेव्हल झाल्या की, की यापुढे कुणाची सेव्ह फाइल मोडणार नाही अशी खात्री झाली की? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. लोकांचे तास वाया घालवणं मला जिवावर येतं. ज्यांनी स्वतःचा गेम १.० पर्यंत नेलाय, त्यांनी कृपया अनुभव सांगा.